सम्राटाच्या कातड्यात

माझी उंची सहा फूट तीन इंच. या उंचीने मला आयुष्यात दोनच गोष्टी मिळवून दिल्या. एक, कॉलेजच्या व्हॉलीबॉल टीममध्ये जागा. दुसरी, पन्नाशीला टेकल्यावर, पृथ्वीवर चाल करून आलेल्या एका जुलमी सम्राटाचं काम. पहिल्या गोष्टीबद्दल मी आजही रंगून बोलतो. दुसरीचा विषय निघाला की बायको उठून खिडक्या लावून घेते, कारण माझा आवाज चढतो आणि आमच्या खारघरच्या सोसायटीत कुणाच्या घरात काय चाललंय ते चार मजल्यांना कळतं.

मी शाळेत पीटी शिकवतो. त्या वर्षी मेच्या सुट्टीत संध्याकाळी मैदानावर पोरांना व्हॉलीबॉल खेळवत होतो. एक माणूस स्कूटर थांबवून बराच वेळ बघत उभा राहिला. मग जवळ येऊन म्हणाला, "काका, हाईट किती तुमची? पिक्चरमध्ये काम करणार का?"

तो कोऑर्डिनेटर होता. सिनेमाला गर्दी लागते, ती गोळा करून देणारा माणूस. त्याने गोष्ट सांगितली. दुसऱ्या ग्रहावरचा सम्राट पृथ्वीचं पाणी लुटायला येतो. सरकारं हात टेकतात, सैन्य पळतं. शेवटी साधी माणसं एकत्र येतात, हमाल, भाजीवाल्या, रिक्षावाले, आणि त्याला खाली खेचतात. सम्राटाचा आवाज आणि जवळून दिसणारे डोळे एका मोठ्या नटाचे असणार होते. पण लांबून दिसणारा, चालणारा, मार खाणारा सम्राट कुणीतरी उंच माणूस हवा होता. आधीचा माणूस ऐनवेळी सोडून गेला होता. का सोडून गेला, हे मी विचारलं नाही.

खरं सांगायचं तर मला मजा वाटली. शाळेतली पोरं मला बघतील, टाळ्या वाजवतील, असंही मनात आलं. बायको म्हणाली, "जा, तेवढीच हौस."

शूटिंग जासईला होतं, रिकामे कंटेनर ठेवायच्या एका यार्डात. चार-चार, पाच-पाच कंटेनर एकावर एक रचलेले, मध्ये मातीची मोकळी जागा, झाड नावाला नाही. सकाळी नऊलाच पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा. दुपारी तर त्या पत्र्यांमधून नुसती धग यायची, भट्टीच्या तोंडाशी उभं राहावं तशी.

सूट पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसलोच. काळपट हिरवा, अंगभर खवले, खांद्यांवर शिंगं. आतून जाड फोम, बाहेरून रबर. डोक्यावर वेगळं मुंडकं, तेही गळ्याशी गमने चिकटवलेलं, त्याला नाकाजवळ बोटभर फट. चेन पाठीला होती. ती लावल्यावर तिच्यावर खवल्यांची पट्टी गमने चिकटवायची आणि वरून रंग मारायचा, म्हणजे सांधा दिसत नाही. हे करायला दोन माणसं आणि बराच वेळ लागायचा. म्हणून एकदा घातलेला सूट संध्याकाळीच निघायचा. मुंडक्यात बॅटरीवर चालणारा छोटा पंखा होता, तो अर्धा दिवस टिकायचा.

"जेवायचं कसं?" मी विचारलं.

"ज्यूस देतो ना स्ट्रॉने," कोऑर्डिनेटर म्हणाला. "पाणी जरा बेताने प्या काका. बाथरूमची भानगड नको."

तेव्हाच चालतं व्हायला हवं होतं असं लोक मला नंतर म्हणाले. लोकांचं काय जातं. मला वाटलं, एवढे लोक काम करतायत, एवढे कॅमेरे, जनरेटर, व्हॅनिटी व्हॅन, म्हणजे यांनी सगळा विचार केला असेल. मोठा तंबू ठोकला की आत शहाणी माणसं बसली असतील असं आपल्याला वाटतंच.

दिग्दर्शक तिशीतला, गोड बोलणारा. पहिल्या दिवशी त्याने सगळ्यांना गोळा करून भाषण केलं. "या फिल्मचा हिरो कोणी स्टार नाही. तुम्ही आहात. सामान्य माणूस!" गर्दीने टाळ्या वाजवल्या. त्यानंतर गर्दीला उन्हात बसवून तो कूलरपुढे गेला.

गर्दी दोन ठिकाणांहून आणली होती. बायका जासई आणि आसपासच्या गावांतल्या. पुरुष वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातले माथाडी, बहुतेक सातारकडचे. त्यांना घरचेच कपडे आणि पोत्यात अडकवायचा लोखंडी आकडा घेऊन यायला सांगितलं होतं, अस्सल दिसावं म्हणून. त्यांच्या टोळीचा मुकादम माझ्याच वयाचा, मानेवर ओझ्याचा घट्टा पडलेला. मी शाळेत शिकवतो हे कळल्यापासून तो मला सर म्हणायला लागला. दर थोड्या वेळाने येऊन मुंडक्याच्या फटीशी तोंड आणून विचारायचा, "सर, हायसा न्हवं?"

मी हात वर करायचो.

बायकांमधली एक मावशी साठीच्या पुढची होती. ती तर पहिल्या दिवसापासून त्या सुटावर खार खाऊन होती. "मास्तर, यो काय घालतंव तुमी? आम्ही उघड्यावर बसून भाजतो, तुमी आत शिजताव." एकदा तिने दिग्दर्शकाच्या तंबूकडे बोट दाखवलं. "यो तंबू हाय ना, तिथं आमचा शेत होता. तिथं विहीर पन होती. आता पानी मागितला तर पोरगा बाटली मोजून देतो."

पहिले दोन दिवस निघाले. संध्याकाळी सूट काढला की माझ्या अंगावरून पाणी ओघळायचं आणि बोटं सुरकुतलेली असायची, तासन्तास पाण्यात राहिल्यासारखी. घरी जाऊन मी न जेवता झोपायचो. बायकोला म्हणालो, "उद्या शेवटचा दिवस."

तिसऱ्या दिवशी शेवटची लढाई होती. सम्राट कंटेनरच्या चौथऱ्यावर उभा, माणसं चाल करून येतात, त्याला खाली खेचतात, तो गादीवर पडतो. पडल्यावर माणसं त्याच्याभोवती गराडा घालतात, की कट. सकाळपासून तेच चाललं होतं. कधी धूर कमी, कधी कुणाच्या तरी हातात मोबाईल दिसला, कधी दिग्दर्शकाला गर्दीच्या डोळ्यांत आग दिसेना.

जेवणाची सुट्टी झाली. सगळे सावलीत गेले. मी जनरेटरच्या गाडीच्या आडोशाला उभा, कारण त्या सुटात बसता येत नव्हतं. पंखा बंद पडला होता. मी हाताने खूण करून एका असिस्टंटला बोलावलं आणि फटीतून सांगितलं, "चेन उघडा. मला चक्कर येतेय."

तो वॉकीटॉकीवर बोलला. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. तो परत वळून म्हणाला, "सर म्हणतायत फक्त एक टेक, काका. ऊन उतरेल, लाईट जाईल. पट्टी परत चिकटवायला वेळ नाहीये."

"बॅटरी तरी बदला."

"हो हो, मागवलीय."

मग मला हाताला धरून चौथऱ्यावर चढवलं. त्या पोराचाही मला राग येतो, पण त्याच्यापेक्षा जास्त राग येतो त्या वॉकीटॉकीतल्या आवाजाचा. त्याने मला बघितलंसुद्धा नव्हतं.

चौथऱ्यावर उभा राहिलो आणि एक विचित्र गोष्ट घडली. घाम थांबला. मला चक्क थंडी वाजायला लागली. समोर गर्दी होती, पण तिच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या. ॲक्शन ऐकू आलं. माणसं ओरडत धावत आली. मुकादमाचे हात माझ्या कमरेला लागले आणि त्या क्षणी माझे पाय गेले. गादीच्या अर्ध्यावर मी पडलो. पडल्या पडल्या मुंडक्याच्या आत उलटी झाली आणि नाकातोंडात परत आली.

मी गुदमरत होतो. हात झाडत होतो. हात म्हणजे रबरी पंजे. मी ओरडत होतो, पण बाहेर ऐकू जात होती ती फक्त गुरगुर. आणि त्या गुरगुरीच्या वरून लाऊडस्पीकरवर दिग्दर्शकाचा आवाज आला. "ब्रिलियंट! काय तडफडतोय! कोणी थांबू नका, कॅमेरा चालू ठेवा!"

हे वाक्य मी विसरलेलो नाही. विसरायची इच्छाही नाही.

पहिलं ओळखलं ते मावशीने. तिचा आवाज मला आतपर्यंत ऐकू आला. "अरे तो मरतंय! खराच मरतंय तो! काढा त्याला!"

मग मुकादमाचा. "सर! ओ सर!" मी हात वर केला नाही. मला तो सापडतच नव्हता.

त्याने चेन शोधली असणार, पण मी पाठीवर पडलो होतो. मला पालथा करायला गेले तर ते धूड हलेना. तेव्हा त्याने आकडा काढला. छातीवर, गळ्याच्या खाली, रबरात आकडा रुतवून त्याने खाली ओढला. फोम फाटल्याचा आवाज झाला, जाड गादी टराटरा फाटावी तसा. दुसऱ्या दोघांनी आपापले आकडे लावले. कुणीतरी मुंडकं पिळून उपटलं. उजेड आला. हवा आली. मावशी माझ्या तोंडात बोटं घालून घाण काढत होती आणि सगळ्यांना शिव्या देत होती.

लाऊडस्पीकरवर आता वेगळा आवाज होता. "सूट! अरे सूट फाडला साल्यांनी! कट, कट! हात लावू नका त्याला!"

एक असिस्टंट धावत यायला लागला तसा मुकादम उभा राहिला. मी जमिनीवरून त्याला उलटा बघत होतो, आभाळाएवढा. तो ओरडला नाही. म्हणाला, "माणूस हाय आत. पुढं आलास तर तुझ्यात बी घालीन ह्यो."

कुणी पुढे आलं नाही.

यार्डात रुग्णवाहिका नव्हती. डॉक्टर नव्हता. बर्फ होता, पण तो व्हॅनिटी व्हॅनमध्ये, आणि व्हॅनला कुलूप. माथाड्यांनी मला उचललं, त्यांना आणणाऱ्या टेम्पोत आडवं टाकलं, आणि बायकांनी आपल्या वाटणीच्या सगळ्या बाटल्या माझ्या अंगावर ओतल्या. मावशी टेम्पोत चढली आणि पदर ओला करून माझ्या डोक्यावर धरून बसली. जासईहून निघताना कंटेनरचे ट्रेलर रांगेत उभे होते. मुकादम टेम्पोच्या फळीवर उभा राहून हाताने गाड्या हटवत होता आणि तोंडाने जे सांगत होता ते इथे लिहिता येणार नाही.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरने विचारलं, "काय करत होतात उन्हात?"

मी म्हणालो, "मी परग्रहावरचा सम्राट होतो."

डॉक्टरने नर्सकडे बघितलं आणि माझ्या डोळ्यांवर टॉर्च मारला. मुकादमाला ते डॉक्टरला पटवून द्यायला बराच वेळ लागला.

उष्माघात होता. मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता, ती हळूहळू सुधारली. मला आठवडाभर ठेवून घेतलं. त्या आठवड्यात कोऑर्डिनेटर एकदा आला, मोसंबी घेऊन. बायको दारातच उभी राहिली. तो म्हणाला, "वहिनी, टेन्शन नका घेऊ, काका स्ट्राँग आहेत. फक्त हे सोशल मीडियावर वगैरे नको. आणि सूटचं पण बघायला लागेल, खूप डॅमेज झालाय."

माझी बायको कधी कुणाला अरेतुरे करत नाही. तिने मोसंब्यांची पिशवी त्याच्या हातात परत दिली आणि म्हणाली, "चालायला लाग."

मला वाटलं, इथे हे संपलं. शाळा सुरू झाली. मी शिट्टी फुंकू लागलो. माझं शूटिंगचं खूळ गेलं, एवढंच.

पुढच्या वर्षी सिनेमा लागला. बायको नको म्हणत होती, पण मी मुकादमाला फोन केला आणि आम्ही तिघं वाशीच्या थिएटरात गेलो. मावशीला येता आलं नाही, ते एका अर्थी बरं झालं.

शेवटची लढाई आली. धूर, गर्दी, चौथरा. मग सम्राट कोसळला. तो मीच होतो. त्या दिवसाचाच शॉट होता. माझे रबरी पंजे हवा ओरबाडत होते. मुंडक्याच्या फटीतून बाहेर आलेली माझी उलटी त्यांनी चकाकत्या हिरव्या रक्ताची केली होती. मुकादम माझ्या छातीत आकडा रुतवून ओढत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर जी भीती होती तिच्यावर त्यांनी ढोलताशे वाजवले होते. मावशीचं तोंड पडदाभर दिसलं. ओठ म्हणत होते, तो मरतंय, काढा त्याला. आवाज कुण्या भलत्याच बाईचा होता. ती गरजत होती, "मारा त्याला! सोडू नका!"

मुंडकं निघायच्या आत दृश्य तुटलं. पुढे आभाळात यान फुटलं आणि थिएटर शिट्ट्यांनी दणाणलं.

मुकादम अंधारात उभा राहिला. "खोटं हाय ह्ये!" तो ओरडला. "आम्ही वाचवत हुतो त्याला! वाचवत हुतो!"

"ओ काका, बसा ना खाली," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

तो बसला नाही. मीही उभा राहिलो, बायकोही उठली. आम्ही बाहेर पडलो. जिन्यात तो थांबला. "माझी नात बघंल सर ह्यो पिक्चर. तिला वाटंल आज्यानं कुणाचातरी जीव घेतला आन् लोकांनी टाळ्या वाजवल्या."

मी दिग्दर्शकाला फोन करायला लागलो. तो उचलायचा नाही. मी दुसऱ्या नंबरवरून केला, तिसऱ्या नंबरवरून केला. शेवटी उचलला. मी कोण ते सांगितल्यावर त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

"अरे सर! कसे आहात? तुम्हाला माहितीये का, तो शॉट म्हणजे आपल्या फिल्मचा आत्मा आहे. लोक रडतात."

"त्या शॉटमध्ये माझा जीव जात होता."

"तेच तर ना सर," तो म्हणाला. "ते अभिनयाने येत नाही."

माझ्या हातातला फोन मी भिंतीवर फेकला. तो दुरुस्त झाला नाही. कधीकधी वाटतं, मी तेव्हा काहीतरी खणखणीत बोलायला हवं होतं. पण असल्या माणसाला शब्द पुरत नाहीत. त्याने मला एक दृश्य म्हणून बघितलं होतं आणि आताही, फोनवर, तो माझ्याकडे तसंच बघत होता.

मी पोलिसांत गेलो. तिथे विचारलं, "मेलं का कोणी?" मी वकिलाला भेटलो. तो म्हणाला, बघू. अजून बघतोच आहे.

मग एप्रिलमध्ये मावशीचा फोन आला. "मास्तर, ते परत आलंत. दुसरा भाग काढतात. परत बायका पायजेत बोलले. उद्या सकाळी."

"सूट?"

"तो पन आनलाय, शिवून. त्याच्यात एक पोरगा घालनार हाय, ताडासारखा. मी बघून आले. चेन पाठीलाच हाय."

मी मुकादमाला फोन केला. त्यालाही माणसं पाठवायला सांगितलं होतं, त्याच कोऑर्डिनेटरने, काही घडलंच नसल्यासारखं. मुकादम म्हणाला, "नगं म्हणलो हुतो. आता व्हय म्हणून सांगतो. तुम्ही या."

दुसऱ्या दिवशी मी शाळेला दांडी मारली. यार्डाच्या गेटवर टेम्पो थांबला, माथाडी उतरले आणि आत न जाता तिथेच रस्त्याच्या कडेला बसले. बायका समोरच्या बाजूने आल्या आणि त्यांच्याशेजारी बसल्या. घोषणा नव्हत्या, फलक नव्हते. कोऑर्डिनेटर धावत आला. "काय नाटक आहे हे? आत चला, लाईट जातोय!"

"रुग्णवाहिका कुठाय?" मी विचारलं.

मला बघून त्याचा चेहरा उतरला. "काका, तुमचा काय संबंध?"

मावशी उठली. "सुटाची चेन पुढं घ्या. रुग्णवाहिका गेटवर लावा. पानी मोजायचा नाय. तवर एक बाय आत येनार नाय."

"दुसऱ्या आणू."

"आन. गावात जा नि आन बघू."

तो दुसऱ्या आणायला गावात गेलाच. तासाभराने एकटा परत आला.

खरं भांडण मात्र भलत्याशीच झालं. सुटात जाणारा तो उंच पोरगा आतून बाहेर आला. तुर्भ्याच्या जिममध्ये ट्रेनर होता, पिळदार, अर्ध्या सुटात, कमरेपासून वरचा भाग लोंबत असलेला. तो माझ्यावरच धावून आला. "तुम्हाला जमलं नाही म्हणून माझं काम घालवता? मला पहिला ब्रेक मिळालाय! माझं शरीर बघा, मला काही होत नाही!"

मला इतका राग आला की माझी मूठ वळली. त्याचा नाही. त्याला असं बोलायला लावलं त्यांचा. पण समोर तोच होता. मुकादमाने माझा दंड धरला. मी म्हणालो, "जा घाल. पण आम्ही उठणार नाही."

दिग्दर्शक गेटपर्यंत आला नाही. दुपारी एकच्या सुमारास रुग्णवाहिका आली. आत त्यांच्या शिंप्याने सूट छातीपासून बेंबीपर्यंत उभा कापला आणि चिकटपट्टी लावली, ओढली की उघडणारी. मावशीने स्वतः आत जाऊन ती दोनदा ओढून बघितली. मग माणसं आत गेली. मला गेटच्या आत घेतलं नाही, ते मला चाललं.

सिनेमाचं पुढे काय झालं ठाऊक नाही. एका मुलाखतीत दिग्दर्शक म्हणाला म्हणे, आमच्या सेटवर सुरक्षेला पहिलं प्राधान्य असतं, आमच्याकडे कायम रुग्णवाहिका उभी असते. बायकोला ते मला दाखवायचं नव्हतं. चुकून दाखवलं.

गेटवर बसून राहिलो त्या दिवशी संध्याकाळी मी टेम्पोतूनच परत निघालो. तो पोरगाही तुर्भ्याला जायचं म्हणून मागे चढला. उलव्याच्या फाट्यापर्यंत तो बाहेर बघत बसला. केस ओले होते, दंडांवर रबराचे लाल वळ.

मग न बघताच त्याने विचारलं, "चहाच्या टायमाला मी उघडला सूट. आत कसला वास येतो हो. तुम्ही तो दिवसभर घातला होता?"

"हो."

"आणि मावशी म्हणाल्या ती उलटी झाली तेव्हा? त्यांना कळलं नाही?"

"आधी नाही कळलं. मग बाया ओरडल्या, तेव्हा कळलं."

"मग कट का नाही केलं?"

मुकादम समोर बसला होता. त्याने आकडा पिशवीत ठेवला, पिशवीचं तोंड बांधलं, आणि त्या दिग्दर्शकाला आईवरून एक सणसणीत शिवी दिली. मग पोरग्यानेही तीच शिवी दिली, त्याच्यापेक्षा मोठ्याने.